सोसायटीच्या बागेतली कीड: आधी भिंग, मग कात्री, शेवटी पंप

ठाणे-नवी मुंबईतल्या गृहसंकुलांच्या बाग-कंत्राटात एक ओळ हमखास सापडते: ‘महिन्यातून एकदा औषध फवारणी’. कीड आहे की नाही, असलीच तर कोणती, याच्याशी या ओळीला काही देणंघेणं नसतं. तारीख आली की पंप भरायचा आणि गेटपासून क्लबहाउसपर्यंत दिसेल त्यावर मारत जायचं. अशा फवारणीने कीड पुष्कळदा वाढते, कारण किडीला खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि त्यांना पुन्हा जम बसवायला जास्त दिवस लागतात. समितीत बागेचं काम तुमच्याकडे आलं असेल, किंवा सुपरवायझर म्हणून नुकतेच रुजू झाला असाल, तर सर्वांत आधी ती ओळ ‘आठवड्यातून एकदा पाहणी, गरजेपुरती फवारणी’ अशी बदलून घ्या.

पाहणी

सामान फार नाही: 10 पट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा कोरा कागद, छाटणीची कात्री, तोंड बंद होणाऱ्या दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक वही. आठवड्यातला एक ठरावीक दिवस धरा आणि माळीकाकांना बरोबर घ्या. त्यांना किडींची नावं माहीत नसतील, पण कुठलं झाड कधीपासून मलूल आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

झाडाकडे वरून पाहून काही कळत नाही. पान उलटा. मावा, पांढरी माशी, कोळी (म्हणजे माइट, घरात जाळं विणणारा कोळी नव्हे), खवले कीड यांचा संसार बहुधा पानाखाली किंवा कोवळ्या शेंड्याच्या बेचक्यात असतो. शंका आली तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोनदा टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके हळू चालू लागले आणि बोटाने चिरडल्यावर लालसर रेघ उमटली, तर लाल कोळी. लांबट, बारीक आणि चपळ असतील तर फुलकिडे.

मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर ती सोडू नका, तिच्या मागे वर जा. मुंग्या झाड खायला जात नाहीत. मावा, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड अंगातून गोड चिकट द्रव टाकतात, तो गोळा करायला त्या जातात आणि मोबदल्यात या किडींच्या शत्रूंना हुसकावून लावतात. पानांवर किंवा झाडाखाली उभ्या गाडीच्या काचेवर चिकटा दिसला तरी शोध वरच घ्यायचा. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी वाढते, तिला काजळी म्हणतात. काजळीवर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे वाया. रस शोषणारी कीड गेली की काजळी पावसाने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने आपोआप सुटते.

जे कीड नाही ते आधी बाजूला काढा

नव्या संकुलात एक्झोराचं कुंपण पिवळं पडलं की लगेच औषध आणलं जातं. पान नीट पाहा: शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही आधी कोवळ्या पानांत, तर ही लोहाची कमतरता आहे. बांधकामाचा भराव, सिमेंटचा चुरा आणि बोअरचं जड पाणी यांनी माती विम्ल (अल्कधर्मी) होते आणि मातीत लोह असूनही एक्झोराला ते उचलता येत नाही. इथे शेणखत, गांडूळखत आणि चिलेटेड (झाडाला सहज शोषता येणाऱ्या) लोहाची फवारणी उपयोगी पडते, कीटकनाशक नाही.

पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या, बागेत मातीचा थर उथळ असतो आणि खाली स्लॅब. निचऱ्याचं तोंड तुंबलं की मुळं कुजतात आणि झाड पाणी असूनही कोमेजतं. माळी आणखी पाणी घालतो, मग आणखी कुजतं. बोटभर माती उकरून वास घ्या. आंबूस वास आला तर निचरा मोकळा करणं हेच औषध.

सातविणीच्या पानांवर पुटकुळ्यांसारख्या गाठी येतात. त्या एका चिमुकल्या रसशोषक किडीच्या पिल्लांनी केलेल्या असतात. दिसायला वाईट, पण मोठ्या झाडाला त्यांनी क्वचितच काही होतं. पिल्लू गाठीच्या आत असतं, बाहेरून मारलेलं स्पर्शजन्य (अंगाला लागूनच मारणारं) औषध तिथे पोचत नाही. सोडून द्या.

आणि अळ्या. कढीपत्त्यावर आणि लिंबावर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवी होणारी अळी फुलपाखराची असते. बहाव्यावरच्या हिरव्या अळ्याही बहुतेक वेळा फुलपाखराच्याच, आणि आसोपालवाच्या पानांवरही फुलपाखरं अंडी घालतात. घोडबंदर रोडवरच्या ओवळ्याला लोक मुद्दाम फुलपाखरं पाहायला जातात. तीच फुलपाखरं आपल्या आवारात आली, तर पंप घेऊन मागे लागू नये. तगरीच्या कुंपणावर मात्र हिरवी, जाडजूड, मागच्या टोकाला शिंग असलेली पतंगाची अळी दोन-तीन दिवसांत फांद्या उघड्या करू शकते. ती संध्याकाळी हातमोजे घालून वेचा. दहा मिनिटांचं काम आहे.

नेहमीचे गुन्हेगार

सर्वांत जास्त डोकेदुखी पिठ्या ढेकणाची. जास्वंद, अकॅलिफा, क्रोटॉन, पपई, देवचाफा, सगळीकडे. मुंबई परिसरातले जुने पर्जन्यवृक्ष वठले त्यातही या किडीचा मोठा वाटा मानला जातो. अंगावर मेणचट पांढरं आवरण असल्याने पाण्यासारखं पातळ औषध वरून ओघळून जातं. अंडी कापसासारख्या पिशवीत असतात, त्यांना तर बहुतेक औषध लागतच नाही. म्हणून एका फवारणीत पिठ्या ढेकूण संपत नाही. आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात आणि लोक म्हणतात, औषध डुप्लिकेट होतं. डुप्लिकेट नसतं, दुसरी फवारणी झालेली नसते.

पिठ्या ढेकणाच्या गर्दीत त्याच्याचसारखी पांढरी, पण जास्त लांब मेणचट झालरी असलेली आणि चपळ चालणारी अळी दिसली तर थांबा. ती क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याची अळी असण्याची दाट शक्यता आहे आणि ती पिठ्या ढेकूण खाऊनच जगते. असंख्य बागांत माळी याच अळीला ‘मोठा पिठ्या’ समजून मारतात. पपईवरच्या पिठ्या ढेकणाचंही असंच. ही परदेशी कीड भारतात 2008 मध्ये आढळली आणि 2010 मध्ये तिच्यावर जगणारी एक बारीक गांधीलमाशी आणून सोडण्यात आली. मेलेल्या, फुगीर, तपकिरी पिठ्या ढेकणावर गोल भोक दिसलं तर त्या माशीने काम सुरू केलेलं आहे. तिथे विषारी फवारा मारू नका.

नारळ, पेरू आणि देवचाफ्याच्या पानाखाली पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी असेल तर ती चक्राकार पांढरी माशी. नारळावरची रुगोज जातीची माशी भारतात 2016 मध्ये प्रथम दिसली. खालची झाडं, बाकं, गाड्या काळ्या पडतात म्हणून रहिवाशांच्या तक्रारी येतात, पण उंच नारळावर विष फवारणं हा उपाय नव्हे. तिचा परजीवी शत्रू आपोआप पसरतो. कठोर औषध मारलं की तोच आधी जातो. हात पोचेल तिथवर पाण्याचा जोरदार फवारा द्या आणि गाड्या हलवायला सांगा.

लाल कोळी फेब्रुवारी ते मे डोकं वर काढतो, विशेषतः जवळ बांधकाम चालू असेल आणि पानांवर धुळीचा थर असेल तेव्हा. पानं फिकट, बारीक ठिपक्यांची होतात, पुढे जाळं दिसतं. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे साधी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. सायपरमेथ्रिनसारख्या कीटकनाशकाने तर कोळी भडकतो, कारण कोळी खाणारे आधी मरतात. फायकसची पानं सुरळीसारखी गुंडाळली गेली तर आत काळे फुलकिडे असतात. सुरळी बंद, औषध बाहेर. तिथे फक्त कात्री. स्पायडर लिलीवर पावसाळ्यात काळ्या-पांढऱ्या-तांबूस ठिपक्यांच्या अळ्या झुंडीने येतात, कांद्यापर्यंत पोखरतात. लवकर दिसल्या तर पानासकट वेचून साबणाच्या पाण्यात टाका. देवचाफ्याच्या पानाखाली केशरी भुकटी हा तांबेरा, बुरशीचा रोग. पडलेली पानं उचलत राहिलात की पुढच्या वर्षी कमी येतो.

कात्री, पाणी आणि मुंगीबंदी

फवारणीआधी हे तीन उपाय पूर्ण करा. निम्म्याहून अधिक प्रकरणं इथेच मिटतात.

जास्त लागण झालेले शेंडे कापा आणि कापता कापताच पिशवीत टाकून तोंड बांधा. ओढत नेलंत तर वाटेभर पिल्लं सांडतात. हा कचरा सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्यात जाता कामा नये. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. झुडपांची छाटणी तुमच्या हातात आहे, पण मोठ्या झाडाच्या फांद्या तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे लागू आहे आणि ‘कीड होती’ हे कारण तिथे आपोआप चालत नाही.

मग पाणी. पाइपच्या तोंडाला नोझल लावून पानांच्या खालून जोरात फवारा, सलग तीन दिवस, सकाळी. मावा, कोळी, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकणाची पिल्लं बरीच धुऊन जातात. संध्याकाळी हे करू नका, रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आमंत्रण देतात.

मुंग्यांसाठी खोडाभोवती चार बोटं रुंद कागदी पट्टी बांधून तिच्यावर चिकट सापळ्याचा गोंद लावा. गोंद थेट सालीवर लावू नका. पट्टीला वळसा घालून जाणारी भिंतीला टेकलेली एक फांदीही मुंग्यांना पुरते, ती आधी छाटा.

आणि युरिया थांबवा. हिरवंगार दिसावं म्हणून टाकलेला युरिया कोवळी, रसदार फूट आणतो आणि मावा तिच्यावरच येतो. जास्वंदीचं कुंपण दर वर्षी पिठ्या ढेकणाला बळी पडत असेल तर चौथ्या वर्षी औषध बदलण्यापेक्षा झाड बदला.

सौम्य फवारे

साबणाचं पाणी: 1 लिटर पाण्यात 5 मिली सौम्य द्रव साबण. ब्लीच असलेला किंवा कपड्यांचा तीव्र डिटर्जंट नको. साबण किडीच्या अंगाला लागला तरच काम करतो आणि सुकल्यावर त्याचा प्रभाव संपतो. नेचे आणि कोवळ्या पानांची काही झाडं साबणाने करपतात, म्हणून आधी एका फांदीवर मारून दोन दिवस पाहा.

कडुनिंब: बाजारात दोन गोष्टी मिळतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक कडुनिंबाचं कच्चं तेल, ते 1 लिटरला 5 मिली, सोबत 1 मिली द्रव साबण. साबण आधी तेलात घोटा, मग थोड्या कोमट पाण्यात दुधाळ करा आणि नंतर बाकीच्या पाण्यात ओता. उलट्या क्रमाने केलं तर तेल वर तरंगतं, पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी नुसतं तेल, म्हणजे शेवटची झाडं करपणार. दुसरी गोष्ट ॲझाडिरॅक्टिन या कडुनिंबातल्याच घटकाची तयार औषधं, ज्यांवर पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) लिहिलेलं असतं. 1500 पीपीएम असेल तर साधारण 1 लिटरला 3 ते 5 मिली, 10000 पीपीएम असेल तर 2 ते 3 मिली. बाटली बदलली की मात्रा बदलते, म्हणून दर वेळी लेबल वाचा. तयार केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर काचेच्या पेल्यात आधी थोडं मिश्रण करून पंधरा मिनिटं ठेवा. दह्यासारखं फाटलं किंवा गाठी झाल्या तर ते पाणी वापरू नका.

पिठ्या ढेकूण आणि पांढऱ्या माशीसाठी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी, 1 लिटरला 5 ग्रॅम. तिला दमट हवा लागते, त्यामुळे ती आपल्याकडे जून ते ऑक्टोबरात उघडीप पाहून संध्याकाळी मारावी. एप्रिलच्या कोरड्या दुपारी तिचा काही उपयोग नाही. तिच्या आगेमागे आठवडाभर बुरशीनाशक नको, औषध समजून घेतलेला जीवच मरायचा. पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी बीटी हे जिवाणूंपासून बनवलेलं औषध, 1 लिटरला 1 ते 2 ग्रॅम, अळ्या लहान असतानाच. फुलपाखरांच्या अळ्याही तिने मरतात, म्हणून सरसकट नको.

कोळी आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) यांसाठी पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, 1 लिटरला 2 ग्रॅम. पारा 32 अंशांच्या वर असेल तर पानं भाजतात, म्हणून मार्चनंतर जपून. तेलाच्या फवारणीनंतर किमान दोन-तीन आठवडे गंधक अजिबात नाही.

रासायनिक औषध घ्यायचंच असेल

डब्यावरचा चौकोन पाहा, त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. जिथे मुलं घसरगुंडीवर खेळतात आणि आजी-आजोबा बाकावर बसतात तिथे लाल आणि पिवळा त्रिकोण आणायचाच नाही, इतका साधा नियम करा. माळ्यांचं लाडकं ‘रोगर’, म्हणजे डायमेथोएट, पिवळ्या त्रिकोणाचं आहे. ‘न्युव्हान’ म्हणजे डायक्लोरव्हॉस, त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. कोणाच्या माळीखोलीत जुनी बाटली अजून असेल तर ती वापरण्यासाठी नव्हे.

लेबलवर पिकांची यादी असते आणि शोभेची झाडं तिच्यात क्वचितच असतात. दुकानदार ‘हे कशावरही चालतं’ म्हणतो, पण त्याला आधार नसतो. म्हणून रासायनिक फवारणीचा निर्णय लेखी सल्ल्यावर घ्या: तालुका कृषी अधिकारी कार्यालय किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची केंद्रं. नारळासाठी त्यांचं रत्नागिरीजवळ भाट्ये इथलं केंद्र आहे. लागण झालेली फांदी बंद पिशवीत घालून फोटोसह दाखवलीत तर सल्ला नेमका मिळतो.

पिठ्या ढेकणाच्या पिल्लांसाठी बुप्रोफेझिन 25 एससी हे नाव तुम्हाला ऐकू येईल. ते कात टाकण्याची क्रिया रोखतं, त्यामुळे प्रौढ मरत नाहीत आणि परिणाम दिसायला आठवडा लागतो. दुसऱ्या दिवशी ‘मेले नाहीत’ म्हणून वरून दुसरं औषध मारणं ही नेहमीची घाई. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही औषधं झाडात भिनतात, मकरंदातही उतरतात आणि मधमाश्यांना मारतात. फुलावर असलेल्या झाडावर ती नकोतच.

औषध बदलणं म्हणजे बाटलीवरचं नाव बदलणं नव्हे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि ॲसिटामिप्रिड तिन्ही एकाच गटातली, 4ए, म्हणजे किडीवर एकाच पद्धतीने काम करणारी. एकापाठोपाठ तिन्ही वापरली तर किडीच्या दृष्टीने तुम्ही एकच औषध तीनदा मारलंत आणि जे जगले त्यांची पुढची पिढी चिवट झाली. बऱ्याच नव्या लेबलांवर गटाचा क्रमांक छापलेला असतो, तो बघा.

फवारणीचा दिवस

1. आदल्या दिवशी सूचना फलकावर आणि व्हॉट्सॲप गटावर कळवा: कुठला भाग, कोणतं औषध, किती ते किती, आत कधी जायचं नाही. तळमजल्याच्या घरांना बेल वाजवून सांगा, खिडक्या बंद ठेवायला आणि वाळत घातलेले कपडे काढायला. माशांचं कुंड झाका, पक्ष्यांच्या पाण्याची भांडी आणि मांजरांच्या वाट्या उचला.

2. वेळ सकाळी 6 ते 8, वर सांगितलेली व्हर्टिसिलियम बुरशी सोडून. शेतात संध्याकाळ चांगली, पण संकुलात संध्याकाळी सगळी मुलं खाली असतात. फुलावर असलेली झाडं या वेळी वगळा, मधमाश्या सकाळीच येतात. नेरूळ, सीवूड्स, बेलापूरसारख्या खाडीकाठच्या भागात दुपारनंतर वारा वाढतो आणि फवारा चौथ्या मजल्यापर्यंत जातो. फवारणीनंतर चार-सहा तास पाऊस नको.

3. अंगावर पूर्ण बाह्यांचे कपडे, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, गमबूट आणि कार्बन गाळणी असलेला मास्क. रुमाल हा मास्क नव्हे, ओला झाला की तो औषध नाकाशीच धरून ठेवतो. कापडी किंवा चामड्याचे मोजेही तसेच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. ही साधनं सोसायटीने द्यायची, माळ्याच्या पगारातून नव्हे.

4. आधी पंपात साधं पाणी भरून ठरलेलं कुंपण फवारून पाहा आणि किती लिटर लागलं ते मोजा. तेवढंच द्रावण करा. उरलेलं औषध कुठे टाकायचं हा प्रश्नच राहत नाही.

5. मोजमाप झाकणाने करू नका, प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं असतं. मिलीसाठी 10 मिलीची सिरिंज, ग्रॅमसाठी वेगळा ठेवलेला छोटा काटा. 16 लिटरच्या पाठीवरच्या पंपाला 1 लिटरला 5 मिली या मापाने 80 मिली लागतात, 2 ग्रॅमने 32 ग्रॅम. ही गुणाकारांची यादी माळीखोलीच्या भिंतीवर लावून ठेवा. ‘थोडं जास्त टाका म्हणजे लवकर जाईल’ यात पानं भाजतात, कीड नव्हे.

6. पंप अर्धा भरा, औषध घाला, ढवळा, मग पूर्ण भरा. भुकटी असेल तर आधी मगभर पाण्यात लापशीसारखी कालवून घ्या. पाण्याचा पाइप पंपाच्या तोंडात बुडवून ठेवू नका, दाब गेला तर द्रावण उलट टाकीकडे ओढलं जातं. कीटकनाशकाला पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारं नोझल. तणनाशकाचा पंप पूर्ण वेगळा, रंगाने खूण केलेला. धुतलेल्या पंपातही तणनाशकाचा अंश राहतो आणि गुलाबाची वाट लावतो.

7. खालून वर फवारा, पानांच्या पाठी भिजवत. थेंब पानाच्या टोकाला जमून ओघळायला लागले की पुढे सरका. वाऱ्याकडे पाठ, आणि ओल्या पट्ट्यातून पुन्हा चालायचं नाही.

8. त्या भागाला दोरी बांधून 24 तास बंद ठेवा. बाकं आणि झोपाळे पुसून घ्या. कढीपत्ता, तुळस, शेवगा यांच्या आसपास फवारा गेला असेल तर पाटी लावा, कारण येता-जाता कोणीतरी पानं खुडतंच.

पोडियमवर मुळाशी औषध ओतणं टाळा. झिरपलेलं पाणी खालच्या पार्किंगमध्ये, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीजवळ किंवा पर्जन्यजलाच्या खड्ड्यात जाऊ शकतं. पंप धुतलेलं पाणी गटारात ओतायचं नाही. पावसाळी गटारं शेवटी खाडीत जातात, आणि ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेला आहे. धुवण पुन्हा त्याच झाडांवर फवारा.

फवारताना किंवा नंतर कोणाला मळमळ, घाम, लाळ, धूसर दिसणं, श्वास अडकणं यातलं काही झालं तर आधी माणसाला तिथून हलवा, कपडे उतरवा, साबणपाण्याने अंग धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. उलटी करवू नका, दूध पाजू नका. 108 ला फोन करा आणि डबा किंवा लेबलचा फोटो बरोबर न्या, कारण उपचार औषधाच्या गटावर ठरतात. एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक 1800 116 117 आहे. तो माळीखोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा.

सातव्या दिवशी त्याच फांद्या भिंगाने पुन्हा पाहा. पिठ्या ढेकूण असेल तर दुसरा फवारा आठ ते दहा दिवसांनी, आणि गरज पडली तर तिसरा.

नारळ आणि पाम

पात्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर गेंड्या भुंगा. तो कोंबात शिरतो. तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढा आणि वरच्या तीन पानांच्या बेचक्यात प्रत्येकी एक डांबरगोळी ठेवून वर वाळू घाला, साधारण दीड महिन्याने पुन्हा. मुख्य काम मात्र जमिनीवर आहे: हा भुंगा शेणखतात आणि कंपोस्टमध्ये वाढतो. सोसायटीचा ओल्या कचऱ्याचा खड्डा महिन्यातून एकदा खालपर्यंत उलटा आणि जाड पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या वेचा. खड्डा जाळीने झाका.

सोंड्या भुंगा जास्त घातक. खोडाला भोक, त्यातून तपकिरी चिकट स्राव आणि चघळल्यासारखा भुस्सा, ही खूण. लागण बहुधा जखमेतून होते, म्हणून खोडावर पाय रोवायला खाचा पाडणं आणि हिरव्या झावळ्या ओरबाडणं बंद करा. शेंडा कलला असेल तर ते झाड उभं राहणार नाही आणि ते पडण्याआधी पालिकेकडे परवानगीचा अर्ज करावा लागेल.

पावसाळ्यातल्या गोगलगायी

जूनच्या पहिल्या सरींबरोबर मोठ्या आफ्रिकन गोगलगायी निघतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरा, सकाळी उचलून खालच्या गोगलगायी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हात उघडे नकोत, त्यांच्यातून मेंदूला इजा करणारे जंत पसरू शकतात. मीठ वाफ्यात टाकू नका, माती खराब होते. चुन्याची रेघ पहिल्या सरीत जाते. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना घातक, संकुलात नकोच.

कंत्राट, डबे, वही

रिकाम्या डब्यात पाणी घालून हलवून ते पंपात ओता, असं तीनदा. मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे कोणी त्यात फिनाइल किंवा पिण्याचं पाणी भरणार नाही. औषधं मूळ डब्यातच, कुलपात, मीटर रूम आणि पाण्याच्या टाकीपासून दूर. शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं औषध दिसलं तर त्याच दिवशी चौकशी करा.

बाहेरची संस्था फवारणीला येणार असेल तर कीटकनाशक नियम, 1971 खालचा तिचा परवाना मागा, प्रत्येक खेपेचं बिल औषधाच्या तांत्रिक नावासह घ्या आणि ‘मिक्स औषध’ असं लिहिलेलं बिल परत करा. वहीत प्रत्येक वेळी सहा रकाने भरा: तारीख, झाड आणि जागा, कीड, औषध व गट, किती लिटर पाण्यात किती मात्रा, सात दिवसांनंतर काय दिसलं. पुढची फवारणी मंजूर करताना समितीने सहावा रकाना आधी वाचावा. तो कोरा असेल तर सही करू नये.